बांधीत उभा राहणारा रंगमंच

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी दोन-चार पाने लिहावीत असे ठरले, तेव्हा आपल्या १९८१च्या तुकडीच्या गटावर सर्वांत जास्त प्रश्न माझ्याच वाट्याला आले. डॉक्टर काय करतो, तहसीलदार काय करतो, हे सगळ्यांना माहीत असते. ‘रंगमंच-यंत्रणा सल्लागार’ म्हणजे काय, हे माझ्या घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. कोणी मला नट समजतो, कोणी मंडप डेकोरेशनवाला. दुसरा अंदाज खऱ्याच्या बराच जवळ आहे.

नाट्यगृह बांधायचे ठरले की वास्तुविशारद इमारत आखतो. पण पडदे कशावर टांगायचे, दिव्यांच्या दांड्यांवर किती वजन चालेल, दोर किती जाड हवा, शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचे पाय दिसतील का, आग लागली तर पहिल्या दोन मिनिटांत काय व्हायला हवे, या प्रश्नांची उत्तरे आमच्यासारखे लोक देतात. माणसांच्या डोक्यावर वजन टांगायचे असेल, तर तारेचा दोर त्या वजनाच्या दहापट ताकदीचा धरायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पस्तीसेक वर्षे मी हेच करतो आहे. त्यावर चार पाने भरतील, पण ती वाचणार कोण? त्यापेक्षा माझ्याआधी हेच काम आपल्या भागात ज्यांनी केले, आणि ज्यांना कोणी इंजिनिअर म्हटले नाही, त्यांचा इतिहास लिहावा असे मला वाटले. तो कुठल्याही पुस्तकात मला सलग सापडलेला नाही.

आपली मुले आता पुण्या-बंगळुरात वाढली, म्हणून थोडी ओळख करून देतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा पूर्व भाग आणि नागपूर जिल्ह्याची एक कड, एवढ्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. आपण दहावी झालो तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हताच. तो २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून वेगळा झाला. या पट्ट्यात धान निघाले की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीनंतरच्या मंडया, मग शंकरपट, मग जत्रा, असे करत तो होळीच्या आसपास संपतो. नाटक रात्री सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. त्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात. या सगळ्या व्यवहाराचे केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. हंगामात तिथल्या रस्त्यावरून चालले की एकामागून एक नाट्यमंडळांच्या कार्यालयांच्या पाट्या लागतात. गावचे मंडळ तिथे येते, तारीख आणि नाटक ठरवते, बयाणा देते. नट, वादक, पडदे, दिवे, माईक हे सगळे मग ट्रकने गावात पोचते. गडचिरोली जिल्ह्यातले एकमेव रेल्वे स्थानक वडशालाच आहे. हे गाव केंद्र का झाले याचे अर्धे उत्तर मला त्यातच दिसते. आपल्या शाळकरी दिवसांत ती गाडी नॅरोगेजची होती, एवढी आठवण पुरे.

आता रंगमंचाकडे येतो. या भागातली जुनी दंडार रंगमंचाशिवायच चाले. मोकळी जागा, भोवती माणसे, मशाल किंवा टेंभा, आणि वाद्ये. तिला ना पडदा लागे ना फळी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या दंडारीवर आयुष्यभर काम केले. बोली आणि लोककला यांविषयी ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांनी त्यांच्याकडेच जावे. माझा रस त्याच्या पुढच्या टप्प्यात आहे. प्रेक्षक चारी बाजूंनी बसत होते, ते एका बाजूला बसू लागले, आणि मधे चित्रांचा पडदा आला. १८४३ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्यानंतर किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व अशा मंडळ्यांनी महाल, रस्ता, बाग, अरण्य असे रंगवलेले पडदे मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांत बसवले. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांसारख्या चित्रकारांनी त्यात जीव ओतला. शहरांतली नाटके पुढे दिवाणखान्यात शिरली आणि हे पडदे गेले. झाडीपट्टीत ते राहिले. शहरातले समीक्षक याला मागासलेपण म्हणतात, तेव्हा मला हसू येते. एका रात्रीत उभे करायचे, दुसऱ्या दिवशी दुपारी उतरवायचे आणि चाळीस किलोमीटरवर पुन्हा उभे करायचे, अशा नाटकाला गुंडाळता येणाऱ्या पडद्याहून चांगले नेपथ्य अजून मला कोणी दाखवलेले नाही. बांबूएवढ्या जागेत आख्खा राजमहाल मावतो.

त्याचे गणितही पक्के आहे. पुढे रस्त्याचा पडदा सोडायचा, त्याच्यासमोर दोन विनोदी पात्रे दहा मिनिटे लोकांना हसवणार, आणि तेवढ्यात मागे दरबार मांडून तयार. प्रेक्षकाला ती गंमत वाटते, पण खरे तर ते सामान हलवायला काढलेले वेळापत्रक आहे. नाटककारही ते डोक्यात ठेवूनच प्रवेश लिहितो.

आमच्या गावचा मांडव गावातलेच एक वाढई बांधत. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. धान निघालेली बांधी निवडण्यापासून त्यांचे काम सुरू होई. बांधी शक्यतो गावाला लागून हवी, पण वरून वीजतार गेलेली नको. जमीन वाळलेली हवी, पण इतकी टणक नको की बल्ली हातभरही आत जाऊ नये. आणि थोडा उतार हवा. उतार नसेल तर प्रेक्षकांच्या जागेची माती रंगमंचाच्या बाजूला खोल आणि मागे उथळ अशी काढायची, म्हणजे मागचा माणूस पुढच्याच्या डोक्यावरून पाहू शकतो. वादकांची जागा रंगमंचासमोर, आणखी खोलगट. ऑर्गन आणि तबला तिथे. वादकाची मान लोकांच्या आड येत नाही आणि त्याला नट समोर दिसतो. नाट्यगृहात आम्ही रांगेगणिक पायरी साधारण १२ सेंटिमीटरने नजर वर जाईल अशी आखतो, आणि त्यासाठी संगणकावर तासन् तास घालवतो. मामा एका पोराला खाली बसवत, दुसऱ्याला त्याच्यामागे बसवत, आणि विचारत, “दिसते का रे?” दिसले की कुदळ थांबे.

ध्वनीचेही तसेच. झाडीपट्टीत माईक रंगमंचावर वरून लोंबत असतात. नट बोलत बोलत नेमका माईकखाली येतो आणि वाक्य टाकून पुढे सरकतो. बाहेरून आलेल्या नटांना पहिल्या रात्री ते जमत नाही. हालचाली दिग्दर्शकाने बसवलेल्या असतात, पण त्यांच्या जागा माईक टांगणाऱ्याने ठरवलेल्या असतात. मुंबईत एका बैठकीत मी हे सांगितले, तेव्हा एका मान्यवर दिग्दर्शकाला ते आवडले नव्हते.

या मांडवाचा खरा शत्रू वारा. हंगाम बहुतेक शांत हवेत जातो, पण माघ-फाल्गुनात अवकाळी पाऊस आणि गारपीट ठरलेली. भारतीय मानकांत नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. तात्पुरत्या बांधकामाला त्यात सवलत मिळते. ती घेतली तरी हिशेब ताशी ११५ किलोमीटरचा होतो, म्हणजे दर चौरस मीटरवर साठ-बासष्ट किलोचा दाब. चोवीस फूट रुंद आणि बारा फूट उंच पडदा घ्या. आकाराचे गुणक बाजूला ठेवले, तरी त्या एका कापडावर सोळा-सतराशे किलोचा रेटा येतो. हातभर पुरलेल्या चार बल्ल्या तो कशा पेलणार? हे गणित मी नागपूरला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला केले आणि सुटीत मामांना मोठ्या उत्साहाने दाखवले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “वाऱ्यासंग भांडाचा नाही, बाबू. पडदा गुंडार. वारा आपल्या रस्त्यान जाते.”

गोष्ट एवढीच होती. पडदा वर घेतला की वाऱ्याला ढकलायला काही उरत नाही. म्हणून पडद्याचे दोर एकाच बाजूला, एकाच माणसाच्या हाताशी आणलेले असत. दोराला गाठ मारायची नाही, खुंटीला वेढेच द्यायचे, म्हणजे एका झटक्यात सुटतात. आणि त्या जागेवरचा माणूस रात्रभर हलायचा नाही, चहासुद्धा तिथेच. नंतर जर्मन आणि इंग्रजी पुस्तकांत आणीबाणीच्या वेळी पडदे कसे सोडावेत यावरची प्रकरणे मी वाचली. शब्द वेगळे होते, खुंटी तीच होती.

लाकडाचा एक वेगळाच इतिहास आहे, आणि तो जंगलाच्या कायद्यातून जातो. जंगलाने वेढलेल्या गावात मांडवाला लाकूड मिळणे सोपे, असे बाहेरच्याला वाटते. सागवानाला हात लावायची सोय नव्हतीच. मांडव उभा राही तो आडजातीवर, म्हणजे ऐन, धावडा असल्या बल्ल्यांवर, आणि बांबूवर. बांबू हे गवत असूनही १९२७चा वन कायदा त्याला झाडात मोजत असे. म्हणून गावे बल्ल्या जपून ठेवत. नाटक झाले की त्या मोजून कोणाच्या तरी गोठ्याच्या माळ्यावर जात आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ला ग्रामसभेने स्वतःच्या परवान्याने बांबू विकला, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी अर्थकारणावर लिहिले. मला मात्र मांडव आठवला. २०१७ला जंगलाबाहेरचा बांबू कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून निघाला. पण तोपर्यंत मांडवात लोखंडी पाइप आले होते. काळ्या बाजूने बोलायचे तर पाइप बल्लीइतका लवत नाही, आणि जोडावर सुटला की एकदम सुटतो.

माझ्या नोकरीधंद्याविषयी थोडक्यात. नागपूरहून मुंबईला गेलो, तिथे एका कंपनीत नाट्यगृहांच्या दांड्या, कप्प्या आणि प्रतिभार यांची कामे शिकलो, मग स्वतंत्र झालो. या विद्येचे जगातले टप्पे तेव्हा कळले. जपानात १७५८लाच ओसाकाच्या काबुकी नाट्यगृहात फिरता रंगमंच होता. युरोपात तो १८९६ला म्युनिकला कार्ल लाउटेनश्लेगरने केला. कोलकात्यात १९३३ला सतू सेन यांनी रंगमहाल नाट्यगृहात आणला. मराठी माणसाला तो आठवतो ‘तो मी नव्हेच’मुळे. १९६२ला आलेले अत्र्यांचे हे नाटक प्रभाकर पणशीकरांनी त्या फिरत्या चकतीवर गावोगाव नेले. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ला उघडले. त्याच्या आखणीत पु. ल. देशपांड्यांनी लक्ष घातले होते. म्हणजे सल्लागार हा शब्द रुळायच्या आधी आपल्याकडे ते काम कलावंतच करत होते. आजही रंगमंचावर उभा न राहिलेला इंजिनिअर मला या कामासाठी अर्धवटच वाटतो. मी स्वतः दोन वर्षे गावच्या नाटकात शिपाई होतो. संवाद एकच होता, पण विंगेतून आत येताना किती जागा लागते ते तिथे कळले.

या धंद्यातले बहुतेक नियम आगीतून जन्मलेले आहेत. ३० डिसेंबर १९०३ला शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात आग लागली. अग्निरोधक पडदा खाली येताना मधेच अडकला आणि ६०२ माणसे गेली. आपल्याकडे २३ डिसेंबर १९९५ला हरियाणातल्या मंडी डबवालीला शाळेच्या कार्यक्रमाच्या मांडवात आग लागली. वर सिंथेटिक कापड होते, बाहेर पडायला वाट अपुरी होती. चारशेहून अधिक माणसे गेली आणि त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. आणि ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेले, १९१५पासूनचे. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. ती दृश्ये पाहताना मला झोप लागली नाही. मला सारखे दिसत होते ते आपल्या बांधीतले मांडव, आत हजारो माणसे, रात्रीचे दोन वाजलेले.

कारण मांडव बदलला आहे. माझ्या लहानपणी बाजूला बांबूच्या तट्ट्या आणि सुती कापड असे. आता वर-खाली सिंथेटिक कापड आहे, ते पेटल्यावर वितळून अंगावर ठिबकते. तात्पुरत्या मांडवांच्या आगीपासून संरक्षणासाठी ‘आयएस ८७५८’ हे भारतीय मानक कित्येक वर्षांपासून आहे. त्यात सिंथेटिक कापड आणि दोर वापरू नयेत, मांडव विजेच्या तारेखाली घालू नये, हे स्पष्ट लिहिले आहे. मामा शाळा शिकले नव्हते, पण तारेखालची बांधी ते नाकारत. वाकाचा किंवा काथ्याचा दोर ते वापरत. त्यांना आगीचे मानक ठाऊक नव्हते, तेवढाच दोर मिळत होता, असे कोणी म्हणेल. मी त्यांच्याबरोबर चार हंगाम हात दिला आहे, मला तसे वाटत नाही. तट्टी लावताना दर काही हातांवर ते एक तट्टी नुसती अडकवून ठेवत, बांधत नसत. का, असे विचारले तर म्हणत, “मानसं जायाले.”

काही वर्षांपूर्वी हंगामात मी एका गावी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. जनरेटरकडून येणाऱ्या वायरीचा जोड पडद्याच्या दोराला टेकलेला होता, आणि कापड तिथे करपू लागले होते. कोणाच्या तरी वेळीच लक्षात आले, नाटक पंधरा मिनिटे थांबले, पुन्हा सुरू झाले. लोकांना वाटले, नट उशिरा आला. गावाचे आणि कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या गावी, दुसऱ्या कंपनीकडेही मला तेच दिसले असते.

या सगळ्यावर ‘एक भव्य नाट्यगृह बांधा’ असे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. माझे पोट नाट्यगृहांवर चालते, तरी मी याच्या विरोधात आहे. चंद्रपुरात प्रियदर्शिनी सभागृह आहे, नागपुरात २०१७पासून सुरेश भट सभागृह आहे, ती आपापल्या जागी हवीतच. पण झाडीपट्टीचे नाटक प्रेक्षकाला बोलावत नाही, त्याच्या गावात जाते. त्याला हवा आहे तपासलेला फिरता सांगाडा. ट्रकमध्ये मावणारा, दहा माणसांनी चार तासांत उभा करायचा, न पेटणाऱ्या कापडाचा, सहा वाटा आधीच कापलेला, आणि पडद्याचे सगळे दोर एका खुंटीवर आणलेला. मी तसा आराखडा केला आहे. एका मंडळाने तो पाहिला, मालकांनी खर्च विचारला, आणि चहा पाजला. त्यांचेही बरोबर आहे. २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्यावर पट बसले, आणि पटाच्या रात्रीची नाटकेही त्यांच्याबरोबर बसली. २०२३ला त्या निकालाचा प्रश्न मिटला, पण मधे करोनाचा हंगाम कोरडा गेला होता. अशा माणसाला न पेटणारे कापड महाग वाटणारच. माझ्या मते हा खर्च सांस्कृतिक खात्याने अनुदानातून उचलावा. नटांच्या मानधनात तो घालू नये.

२०२३ला कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आठशे निरनिराळ्या भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग त्यांच्या नावावर सांगतात. आपल्या सगळ्यांची मान ताठ झाली. नवरगावच्या सदानंद बोरकरांसारख्या नाटककारांवरही लिहिले जाते आहे, २०२२ला ‘झॉलीवूड’ हा चित्रपट येऊन गेला. ते पाच हजार प्रयोग ज्या फळ्यांवर झाले, त्या फळ्या ठोकणाऱ्यांची मात्र यादीसुद्धा नाही. मामा जाऊन आता बारा वर्षे झाली. त्यांची मापे हातात आणि वितीत होती, कागदावर नव्हती. त्यांच्या मुलाकडे मला एक वेताची काठी मिळाली, तिच्यावर सात खाचा आहेत. चार खाचांचा अर्थ मी लावला आहे: फळीची उंची, विंगेची रुंदी, दोन बल्ल्यांमधले अंतर, पडद्याची घडी. बाकीच्या तीन राहिल्या आहेत.

तेव्हा मित्रहो, संमेलनाला येताना एक काम करा. आपल्या गावचा मांडव कोण बांधत असे, किती बल्ल्या लागत, त्या कोणाच्या गोठ्यात ठेवत, पडदे कोण रंगवत असे, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून या. जुन्या नाटकाचा फोटो असेल तर त्यात नटाकडे बघू नका, त्याच्या मागचे आणि डोक्यावरचे बघा, आणि तो फोटो आणा. जेवणाच्या मांडवात कोपऱ्यातले एक टेबल मी मागून ठेवले आहे. काठी घेऊन तिथेच बसणार आहे.